कारकून बिचारा निर्दोष आहे

तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. वर डोंगरउतारावर रचून ठेवल्यासारख्या दगडी गावाचा फोटो, टोकाला चर्च, मागे बर्फाचा डोंगर. खाली मजकूर: ‘हे स्पेनचं लिव्हिया गाव, चारी बाजूंनी फ्रान्स! १६५९ मध्ये राजांनी पिरेनीज पर्वत ही नैसर्गिक सीमा मानली. उत्तरेकडची फ्रेंच गावं फ्रान्सला मिळाली, पण यादी करताना कारकून लिव्हियाचं नाव विसरला! लोकांनी निर्णय आनंदाने स्वीकारला. आजही तिथे फ्रेंच-स्पॅनिशची मिश्र बोली बोलतात आणि सीमेची कुणाला आठवणही नाही.’ शेवटी जोडलेले हात.

माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला. त्यातला एक ग्रुप सोसायटीच्या पाण्याच्या तक्रारींसाठी काढलेला आहे. गोष्ट सांगायला झकास आहे, हे मान्य. लिव्हिया खरी, १६५९ खरं, चारी बाजूंनी फ्रान्स हेही खरं. बाकी जवळजवळ काहीच टिकत नाही.

फोटोच लिव्हियाचा नाही. ते एउस. लिव्हियाच्या पूर्वेला घाट उतरून गेलं की तेत नदीचं खोरं लागतं, त्या मुलखाला कोंफ्लेंत म्हणतात. एउस तिथलं, आणि सरळसरळ फ्रान्समधलं. गडग्यावर गडगा रचून केलेल्या मजग्या, त्यांतूनच उगवल्यासारखी ग्रॅनाइटची घरं, सगळ्यात वर चर्च, पायथ्याला पीचच्या बागा आणि समोर कानिगो पर्वत. फोटोला याहून चांगलं गाव मिळणं कठीण, म्हणून तर उचललं असणार. लिव्हिया अशी दिसत नाही. ती सर्दान्या नावाच्या रुंद, उघड्या खोऱ्यात, १,२०० मीटर उंचीवर, एका टेकाडाच्या पायथ्याशी ऐसपैस बसली आहे. टेकाडावर किल्ला होता. फ्रान्सच्या अकराव्या लुईने तो १४७९ मध्ये पाडला, आता पाये उरलेत. भोवती गवताची कुरणं, गाई, करड्या फरशीची छपरं. गावात युरोपातल्या सर्वांत जुन्या औषधी दुकानांपैकी एक जपून ठेवलं आहे.

आता कारकून.

पिरेनीजचा तह ७ नोव्हेंबर १६५९ रोजी झाला, बिदासोआ नदीतल्या एका इवल्याशा बेटावर. फ्रान्सतर्फे कार्डिनल माझारां, स्पेनतर्फे लुइस दे आरो. चोवीस वर्षं चाललेलं युद्ध मिटवायचं होतं, गावं मोजत बसायला वेळ कुणाला? रुसियों (पर्पिन्यां शहराभोवतीचं मैदान) आणि कोंफ्लेंत फ्रान्सला, सर्दान्या स्पेनला, आणि नेमकी हद्द दोन्हीकडच्या प्रतिनिधींनी बसून ठरवावी, असं ठरलं. म्हणजे ज्या यादीतून नाव गळलं म्हणतात, ती या तहात नव्हतीच.

प्रतिनिधी पुढच्या वसंतात सेरे गावी बसले. फ्रान्सकडून प्येर द मार्का हा विद्वान धर्मगुरू आला होता. त्याने रोमन काळातल्या भूगोलकारांची वचनं काढून, सर्दान्याचा काही भाग कसा डोंगराच्या ‘आपल्या’ बाजूला येतो हे मांडायला सुरुवात केली. समोरच्यांनीही आपली वचनं काढली. ग्रंथांनी काही सुटलं नाही, मग नेहमीप्रमाणे घासाघीस झाली. फ्रान्सला कारोल नदीच्या खोऱ्यातून कोंफ्लेंतकडे जायला स्वतःच्या हद्दीतली वाट हवी होती, आणि ती सर्दान्यातूनच जाते. त्या वाटेपुरती ३३ गावं द्यायला स्पेन तयार झाला. ती ३३ कोणती, हे नावानिशी ठरवणारा करार १२ नोव्हेंबर १६६० रोजी झाला, आणि तो कुठे झाला माहीत आहे? लिव्हियात.

ज्या गावात बसून यादी लिहिली त्याच गावाचं नाव विसरणारा कारकून मला तरी माहीत नाही, आणि सरकारी कारकून मी बरेच पाहिले आहेत.

नाव गळलं नव्हतं, त्यावर वाद घालून ते बाहेर ठेवलं होतं. आपल्या जुन्या दप्तरांत ‘मौजे’ अमुक आणि ‘कसबे’ तमुक असा भेद असतो. पेठ, बाजार, मान असलेलं ते कसबे, बाकी मौजे. तसाच भेद तिथे होता. सोळाव्या शतकात सम्राट पाचव्या कार्लोसने लिव्हियाला ‘व्हिला’ हा दर्जा दिला होता. स्पॅनिश बाजूचं म्हणणं असं की आम्ही ३३ मौजे द्यायचं कबूल केलंय, हे तर कसबे आहे, ते त्यात कसं बसेल? फ्रान्सने ऐकलं, पण फुकट नाही. लिव्हियाला पुन्हा तटबंदी करायची नाही, ही अट घालूनच ते स्पेनकडे राहिलं. विसरलेल्या गावाला कुणी अटी घालत नाही. त्यामुळे ‘कायद्यातल्या पळवाटेने वाचलेलं गाव’ असं कुणी लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

‘नैसर्गिक सीमा’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो शाळेच्या नकाशातून आलाय आणि नकाशावर तो खरा वाटतो. प्रत्यक्षात काय होतं ते बघायचं असेल तर कोंफ्लेंतमधल्या व्हिलफ्रांशहून सर्दान्याकडे जाणारी पिवळी आगगाडी पकडावी. मीटर गेजची, विजेवर चालणारी, ६३ किलोमीटरची लाइन. डबे पिवळे नि लाल, म्हणजे कातालोनियाच्या, कातालान लोकांच्या झेंड्याचेच रंग. उन्हाळ्यात बिनछपराचा डबाही जोडतात. मधल्या बऱ्याच स्टेशनांवर ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ असाच कारभार: थांबायचं असेल तर आधी सांगायचं, चढायचं असेल तर फलाटावर उभं राहून हात करायचा. सुरुवातीला तेत नदी खाली खोल दरीत, गाडी तिच्या उलट दिशेने चढत जाते. दगडी कमानींचा एक प्रचंड पूल, मग झुलत्या पद्धतीचा दुसरा. सुमारे १,५९० मीटरवर बोल्केर-एन हे स्टेशन येतं, फ्रेंच रेल्वेचं सर्वांत उंच. त्याच्या आसपास डोंगर एकदम बाजूला सरतो आणि समोर उन्हाने भरलेलं पठार उघडतं.

इथेच गंमत आहे. या खिंडीच्या अलीकडचं पाणी तेत नदीतून पर्पिन्यांच्या बाजूने समुद्राला जातं. पलीकडचं सेग्रे नदीला मिळतं, आणि सेग्रे स्पेनमधून वाहत जाऊन एब्रोला मिळते. म्हणजे पाणलोटाची रेघ हीच नैसर्गिक सीमा मानली तर आख्खं सर्दान्या स्पेनच्या बाजूला पडतं, त्यातली फ्रान्सला गेलेली ३३ गावंही. सेग्रे उगम पावते फ्रान्समध्ये, वाटेत लिव्हियातून म्हणजे स्पेनमधून जाते, पुन्हा फ्रान्स, पुन्हा स्पेन. तिकडे पश्चिमेला आरान खोऱ्याचं पाणी उत्तरेला गारोन नदीत उतरतं, आणि ते खोरं स्पेनकडे आहे. डोंगराला विचारून कुणी काही केलेलं नाही.

घरांची छपरंही हेच सांगतात. वर सर्दान्यात काळ्या-करड्या दगडी फरशीची, बर्फ सरकून जावं म्हणून उतरती. खाली रुसियोंच्या मैदानात लाल कौलं, आणि भिंतींत नदीतल्या गोट्यांच्या थरांमध्ये चपट्या लाल विटांच्या ओळी. छप्पर बदलतं ते उंचीप्रमाणे. लिव्हियातून शेजारच्या फ्रेंच सायागूजला गेलात तर पाट्यांची भाषा बदलेल, छपरं तीच राहतील.

मग ‘उत्तरेकडची फ्रेंच गावं’? १२५८ च्या कोर्बेय तहात फ्रान्सच्या नवव्या लुईने या कातालान परगण्यांवरचा हक्क सोडला होता. तेव्हापासून पुढची चारशे वर्षं सीमा बरीच उत्तरेला, पर्पिन्यांच्याही वरच्या साल्स गावाच्या अंगाने होती. मधे १२७६ ते १३४४ पर्पिन्यां ही मायोर्काच्या राजांची राजधानी होती, त्यांचा वाडा अजून शहराच्या डोक्यावर उभा आहे. १४६२ मध्ये आरागोनच्या, म्हणजे कातालोनिया ज्याच्या ताब्यात होता त्या राज्याच्या, राजाने पैशांच्या आणि सैन्याच्या गरजेपोटी हा मुलूख अकराव्या लुईकडे चक्क गहाण टाकला, १४९३ मध्ये तो परत मिळाला. परत मिळाल्यावर आरागोनच्या राजा फर्दिनांदने काय केलं? १४९७ पासून साल्सला किल्ला बांधायला घेतला. अर्धा जमिनीत रुतवलेला, गोल बुरुजांचा, तोफांना तोंड देण्यासाठी केलेला लालसर राक्षस. आज हायवेवरून फ्रान्सच्या पोटातला एक किल्ला दिसतो, पण बांधला होता तो फ्रान्सलाच अडवायला.

त्याची उलटी जोडी म्हणजे मों-लुई. १६५९ नंतर सीमा दक्षिणेला सरकली, तेव्हा चौदाव्या लुईच्या व्होबां या दुर्गस्थापत्यकाराने १६७९ मध्ये सर्दान्याच्या तोंडावर हे तटबंदीचं गाव नव्याने वसवलं आणि व्हिलफ्रांशचे गुलाबी संगमरवरी कोट मजबूत केले. दोन्ही २००८ पासून जागतिक वारशात आहेत. सुंदर दिसतात म्हणून आपण फोटो काढतो, पण यातला निम्मा दगड सीमेच्या भीतीने रचलेला आहे.

‘आनंदाने स्वीकारला’ या वाक्याला मात्र दाद द्यायला हवी. १६४० मध्ये कातालान लोक स्पेनच्या राजाविरुद्ध उठले आणि १६४१ मध्ये त्यांनी स्वतःहून फ्रान्सच्या तेराव्या लुईचं छत्र घेतलं, हे खरं. फॉरवर्डवाल्याला बाजू मांडायचीच असती तर इथून मांडता आली असती. पण तह झाल्यावर जुन्या स्थानिक संस्था बरखास्त झाल्या आणि १६६१ मध्ये मिठावर कर बसला. डोंगरी मुलखात मीठ म्हणजे गुरं, चीज, खारवलेलं मांस, सगळंच. हा कर तिथे पूर्वीच उठवला गेला होता. त्यामुळे वाय्यस्पीर आणि कोंफ्लेंतच्या डोंगरांतून लोक शस्त्रं घेऊन उठले. त्यांना आंजेलेत म्हणत, आणि त्यांचा म्होरक्या होता जुझेप दे ला त्रिन्शेरिया. १६६७ पासून १६७५ पर्यंत, मधे थोडी उसंत सोडली तर, हे चाललं. प्रा-द-मोलो गावाच्या वर जो किल्ला आहे, त्याच्या तोफांचा रोख परक्या शत्रूइतकाच खालच्या गावावर होता असं म्हणतात ते उगाच नाही.

पुढच्या पिढ्या हळूहळू फ्रेंच झाल्या, शाळेतून, लष्करातून, नोकरीतून. त्यालाही ‘आनंदाने’ म्हणता येत नाही आणि ‘जबरदस्तीने’ म्हणूनही भागत नाही.

मिश्र बोलीचा मुद्दा झटकन सोडवता येतो. ती भाषा कातालान, आणि ती फ्रेंच-स्पॅनिशची खिचडी नाही. लॅटिनपासून आपल्या वाटेने आलेली त्यांची सख्खी बहीण आहे. टेबलाला स्पॅनिशमध्ये मेसा, फ्रेंचमध्ये ताब्ल, कातालानमध्ये ताउला. चीजला केसो, फ्रोमाज, फुर्माज्जे. कधी एकीशी जुळते, कधी दुसरीशी, कधी कुणाशीच नाही. उत्तरेकडच्या कातालान उच्चारात ‘ओ’चा ‘ऊ’ होतो, म्हणून कानिगोचं कानिगू झालं आणि फ्रेंचांनी तेच नाव उचललं. एप्रिल १७०० मध्ये चौदाव्या लुईने हुकूम काढून सरकारी कागदपत्रांतून कातालान हद्दपार केली. ती भाषा आपल्या सत्तेला आणि फ्रेंच राष्ट्राच्या मानाला बाधक आहे, असं कारण दिलं. नुसत्या मिश्र बोलीसाठी कुणी एवढी शाई खर्च करत नाही. अलीकडची गोष्ट: एल्नसह पाच गावांच्या पंचायतींनी सभेत आधी कातालान बोलायचं आणि मग फ्रेंच भाषांतर द्यायचं असा नियम केला, तो २०२३ मध्ये न्यायालयाने रद्द केला.

राहता राहिलं सीमेची आठवण नसणं. लिव्हियाला पुचसर्दा या स्पॅनिश गावाशी जोडणारा रस्ता फ्रान्समधून जातो, आणि तो करारानुसार खुला आहे. १९७० च्या दशकात फ्रेंच रस्ता जिथे त्याला छेदतो तिथे ‘थांबा’चे फलक लागले, म्हणजे लिव्हियाच्या गाड्यांनी थांबायचं. रात्री फलक उपटले जायचे, पुन्हा लागायचे, पुन्हा उपटले जायचे. याला तिथे ‘स्टॉपांचं युद्ध’ म्हणतात. पुढे एका रस्त्यावरून दुसरा पुलाने नेला तेव्हा कुठे प्रश्न मिटला. सीमा रोजच्या व्यवहारात वापरलीही जाते: पुचसर्दाचं इस्पितळ २०१४ पासून दोन्ही देशांच्या रुग्णांसाठी चालतं, आणि लातूर-द-कारोल स्टेशनात तीन रुंदीचे रूळ शेजारी शेजारी येऊन थांबतात, फ्रेंच, स्पॅनिश आणि पिवळ्या गाडीचे.

आणि पाणी. पुचसर्दाच्या तळ्याला पाणी येतं ते मध्ययुगात खोदलेल्या एका पाटातून. पाटाचं तोंड वर कारोल नदीवर, आता फ्रान्समध्ये, शेवट स्पेनमध्ये. वरच्या गावांनी किती घ्यायचं, खालच्यांना किती सोडायचं, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली. शेवटी १८६६ च्या बायोन तहात दोन राष्ट्रांना या पाटाची कलमं लिहावी लागली, त्याच वेळी जेव्हा डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ६०२ क्रमांकांचे सीमेचे दगड ठरत होते.

सोसायटीच्या ग्रुपवर मी एवढंच टाकलं की फोटो एउसचा आहे. दोन अंगठे आले. संध्याकाळी टाकीच्या वेळेवरून बी विंगवाल्यांचं भांडण सुरू झालं आणि तो विषय वर निघून गेला.