‘बोलण्याच्या भागाजवळची गाठ काढली की वाचा जातेच’ हा संदेश चुकीचा आहे

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा दावा असा: मेंदूतली गाठ बोलण्याच्या भागाजवळ असेल तर शस्त्रक्रियेने वाचा जातेच, आणि ‘जागेपणीच्या’ शस्त्रक्रियेत भूल न देता कवटी कापतात. दोन्ही विधानं खोटी आहेत. कृपया पुढे पाठवू नका.

डोक्याच्या त्वचेच्या नसा बुपिव्हाकेनसारख्या औषधाने बधिर करतात. कवटी उघडेपर्यंत रुग्णाला बहुधा गुंगीतही ठेवतात. दुखतं ते त्वचेला आणि मेंदूवरच्या आवरणाला. खुद्द मेंदूला वेदना कळत नाही. मग रुग्णाला जागं करून चित्रं ओळखायला, आकडे म्हणायला लावतात. (चाचणी मातृभाषेत हवी, दोन भाषा रोजच्या वापरात असतील तर दोन्हींत.) त्याच वेळी सर्जन मेंदूच्या पृष्ठभागावर 50 किंवा 60 हर्ट्‌झचा, साधारण 1 ते 6 मिलिअँपिअरचा विजेचा प्रवाह क्षणभर देतात. शब्द पुन्हापुन्हा अडतो तिथे खूण करून ती जागा राखतात. आत खोलवरच्या तंतूंचीही अशीच तपासणी लागते, कारण ते तुटले तर वरचा भाग शाबूत असूनही बोलणं बिघडतं. प्रवाहामुळे आकडी (फिट) आलीच, तर मेंदूवर थंडगार रिंगर लॅक्टेट (सलाईनसारखं क्षारांचं द्रावण) ओततात.

धोका उरतोच. 2012 साली ग्लायोमाच्या (मेंदूतल्या एका प्रकारच्या गाठीच्या) 8,091 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. गंभीर दोष पुढेही टिकण्याचं प्रमाण अशी चाचणी करून 3.4 टक्के, न करता 8.2 टक्के होतं. शस्त्रक्रियेनंतर लगेच बोलणं अडखळलं तरी ते पुष्कळदा काही आठवड्यांत सुधारतं. स्पीच थेरपी मात्र लवकर सुरू करावी.