४.५ गिगाहर्ट्‌झवर चालतोय, मग बदलायचा कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत की दोन ओळींत उत्तर देणं बरोबर वाटेना, म्हणून वेगळं लिहितोय. जुना प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याच्या, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याच्या, भानगडीत बहुतेकांनी पडू नये, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: तुमचा इंटेल कोअर आय५-२५००के कित्येक वर्षं ४.५ गिगाहर्ट्‌झवर बिनतक्रार चालतोय. तीस टक्के वेग फुकट मिळत असताना लोकांना खर्चात पाडणं म्हणजे कंपन्यांची तळी उचलणं. आणि असल्या सल्ल्यांनीच ई-कचरा वाढतो.

ई-कचऱ्याबद्दल आपलं दुमत नाही. चालतं यंत्र भंगारात जाऊ नये, हे मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच त्या लेखात पहिला सल्ला नवा प्रोसेसर घ्या असा नव्हताच. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) लावा आणि रॅम ४ जीबी असेल तर ८ करा, असा होता. संगणक ‘स्लो’ झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं काम तेवढ्यावर भागतं. डिस्क फिरून माहिती आणेपर्यंत प्रोसेसर रिकामा बसलेला असतो. त्याचा वेग वाढवला तरी तो रिकामाच बसणार.

आता तुमच्या २५००के बद्दल. जानेवारी २०११ मध्ये आलेली सँडी ब्रिज पिढीतली ही चिप ओव्हरक्लॉकिंगसाठी फार गुणी होती. चार कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे गाभे), आतल्या सिलिकॉनवरचं झाकण सोल्डरने जोडलेलं, त्यामुळे उष्णता चटकन बाहेर. (पुढच्याच वर्षीच्या आयव्ही ब्रिज पिढीत इंटेलने तिथे पेस्ट वापरली आणि तापमानं लगेच चढली.) पण तुमचा अनुभव सगळ्यांना लागू होत नाही तो इथेच. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए या इंटेलच्याच चिपमध्ये बसचा (प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातल्या वाटेचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केला की ३०० ची चिप ४५० वर जायची. सँडी ब्रिजमध्ये ती वाट बंद झाली. १०० मेगाहर्ट्‌झच्या मूळ घड्याळावर पीसीआय एक्स्प्रेस आणि साटा (ग्राफिक कार्ड आणि डिस्क जोडणाऱ्या वाटा) याही चालतात. ते थोडं जास्त ढकललं की आधी डिस्क रुसते. उरतो मल्टिप्लायर, म्हणजे त्या घड्याळाला ज्या आकड्याने गुणून चिपचा वेग ठरतो तो, आणि तो मोकळा फक्त नावात ‘के’ असलेल्या चिपमध्ये, तोही पी६७ किंवा झेड६८ सारख्या मदरबोर्डावर. आपल्याकडे दुकानांत, क्लासेसमध्ये, घरोघरी जी असेंबल केलेली यंत्रं आहेत त्यांत एच६१ बोर्डांचा भरणा मोठा. त्यावर २५००के बसवला तरी त्याचा मल्टिप्लायर वर जात नाही. मी लिहितो ते या वाचकांना समोर ठेवून.

तुमचे तीस टक्के खरे आहेत, पण कुठून मोजायचे ते पाहा. चारही कोअर कामाला लागले की ही चिप मुळात ३.४ गिगाहर्ट्‌झवर चालते; तिथून ४.५ म्हणजे ३२ टक्के. एकाच कोअरवर काम असेल तर टर्बो ही चिपमधलीच सोय तिला आपण होऊन ३.७ वर नेतो. तिथून वाढ २२ टक्क्यांच्याही आत. तासाभराचं व्हिडिओ रेंडरिंग फार तर पाऊण तासावर येईल.

आणि हा वेग फुकट नाही. चिपची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. जास्त वेगासाठी व्होल्टेजही चढवावं लागतं. समजा १.२० व्होल्टचे १.३५ केले: वेग १.३२ पट, व्होल्टेजचा वर्ग १.२७ पट, गुणाकार १.६७. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून कमी वेगासाठी दोन तृतीयांश जास्त उष्णता. विजेच्या बिलाचा मुद्दा मी इथे मांडणार नाही, कारण घरगुती संगणक दिवसातला बराच वेळ निवांत असतो आणि तेव्हा फरक किरकोळ पडतो. माझा मुद्दा उन्हाळ्याचा आहे. प्रोसेसरवरचा कुलर चिपला खोलीच्या तापमानापेक्षा किती वर ठेवेल एवढंच ठरवू शकतो. भाराखाली तो फरक ५० अंशांचा असेल तर २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत चिप ७५ वर राहते. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्याच्या दुपारी खोलीतच ४२ अंश असतील तर तीच चिप ९२ वर जाते, आणि शंभरीच्या जवळ ती स्वतःच वेग उतरवते. परदेशी चाचण्यांमधली तापमानं बघून विदर्भातल्या मुलाने व्होल्टेज चढवू नये, असं मी म्हणतो ते या हिशेबाने. दहा-बारा वर्षं वापरलेल्या बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणारा भागही म्हातारा झालेला असतो, आणि तो वाढीव भारही त्यालाच पेलायचा असतो.

‘बिनतक्रार’ या तुमच्या शब्दापाशी मला थांबावंसं वाटतं. काठावर चालणारी चिप दर वेळी विंडोज बंद पाडून, निळा पडदा दाखवून सांगत नाही. कधी एखादा बिट चुकतो, चुकीची किंमत तशीच डिस्कवर लिहिली जाते आणि महिन्यांनी एखादी फाईल उघडेनाशी होते.  गेम खेळणाऱ्याला हे चालून जाईल. त्याच यंत्रावर कुणाची टॅलीची खाती किंवा लग्नाच्या फोटोंची एकमेव प्रत असेल तर मी त्याला ओव्हरक्लॉक कर असं कधीच सांगणार नाही.

मग नवं कधी घ्यावं? जिथे वेग वाढवूनही दार उघडत नाही तिथे. २५००के मध्ये एव्हीएक्स२ सूचना (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) नाहीत; त्या इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आल्या. ज्या प्रोग्रामला त्या लागतात तो पाच गिगाहर्ट्‌झवरही चालू होणार नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळजवळ सगळे प्रोसेसर नाहीत. लिनक्स टाकलंत तर यंत्र अजून बरीच वर्षं वापरता येईल, आणि त्यासाठीही ओव्हरक्लॉक लागत नाही. कामच जड असेल तर एएमडीच्या रायझन ५ ५६०० चा विचार करा: सहा कोअर, बारा थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं), ६५ वॉट. एकेक कोअर तुमच्या ४.५ वाल्या कोअरच्या साधारण दीडपट काम करतो. बोर्ड आणि रॅमही बदलावी लागते, खर्च मोठा आहे, हे मान्यच. पण ज्यांच्याकडे २०१७-१८ चा रायझन आहे त्यांना बहुतेक वेळा बायोस (बोर्डातला मूळ प्रोग्राम) अद्ययावत करून त्याच एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या खाचेच्या) बोर्डावर ५६०० बसवता येतो. अशा माणसाने जुनी चिप ओव्हरक्लॉक करण्यात वेळ घालवू नये. तुमच्यासारख्या जुन्या इंटेलवाल्यांना मधली वाटही आहे: मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या संगणक-बाजारात वापरलेला आय७-३७७० शोधायचा. चार कोअर तेवढेच, पण थ्रेड आठ. बोर्डाचा बायोस तो ओळखतो की नाही, एवढं आधी पाहून घ्यायचं.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर २५ टक्केच वापरात दिसतो, म्हणजे तो अडसर नाही, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. चार थ्रेडच्या चिपमध्ये २५ टक्के म्हणजे एका कोअरचं पूर्ण काम असू शकतं. विंडोज ते काम एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहतं, म्हणून एकही आलेख भरलेला दिसत नाही. तुमच्या गेममध्ये ग्राफिक कार्डाचा वापर सोबत बघा. तो ९५ च्या वर असेल तर प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकचा त्या गेमला उपयोग नाही. तो ६० च्या आसपास रेंगाळत असेल तर आहे, आणि तिथे तुमचा निर्णय योग्यच आहे.

तुमचं यंत्र बदला असं मी म्हणत नाही. फक्त मल्टिप्लायर ४५ वरून ४२ करा आणि व्होल्टेज १.२५ च्या आसपास आणून बघा. वेग सात टक्क्यांनी कमी होईल, आणि आधी १.३५ होतं असं धरलं तर उष्णता साधारण वीस टक्क्यांनी. मग ऐन दुपारी, खोलीतला पंखा-कुलर नेहमीसारखा ठेवून, प्राइम९५ हा प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा चाचणी-प्रोग्राम दोन-तीन तास चालू द्या. एकाही कोअरवर चूक आली तर व्होल्टेज थोडं वाढवा किंवा ४१ वर या. तुमच्या प्रोसेसरवरचा कुलर कोणता आहे आणि त्या चाचणीत तापमान किती चढतं ते इथेच कळवा. ४५ पुन्हा लावायचा की नाही ते त्या आकड्यांवरून बघू.