आजीचा ब्राउझर आळशी नाही

‘जुन्या ब्राउझरांना मूठमाती द्या’ हा मेसेज सध्या डेव्हलपर मंडळींत फिरतोय. तीनदा आला तेव्हा मी गप्प बसले. चौथ्यांदा तो भाच्याने पाठवला, खाली स्वतःची पुरवणी जोडून: "मावशी, तू उगाच जीव काढतेस." हा मुलगा सहा महिन्यांपूर्वी वेबसाइट बनवायच्या कामाला लागलाय. आता गप्प बसणं परवडणारं नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ब्राउझर हल्ली आपोआप अपडेट होतात, ज्याचा होत नाही तो माणूस आळशी, त्याला दारातच अडवा म्हणजे वठणीवर येईल, तसाही असा माणूस शंभरात एखादाच, त्याच्यासाठी लिहिलेला कोड बाकीच्यांची साइट जड करतो, शिवाय जुना ब्राउझर असुरक्षित असतो.

आळसापासून सुरू करते, कारण डोकं तिथेच फिरलं. माझ्या आईकडे, म्हणजे या भाच्याच्या आजीकडे, पहिला आयपॅड एअर आहे, 2013 सालचं मॉडेल. बॅटरी ठीक, स्क्रीनवर ओरखडा नाही. अॅपलने त्याला आयओएस 12 या जुन्या सिस्टिमवर सोडून दिलं. आयपॅडवर सफारी सिस्टिमबरोबरच येतो. सिस्टिम थांबली की तोही थांबला. ‘मग क्रोम टाका’, असं मेसेज सांगतो. टाकून बघा. अॅपलच्या नियमामुळे त्या आयपॅडवर क्रोम असो की फायरफॉक्स, आत पान उभं करणारं इंजिन सफारीचंच, वेबकिट, तेही सिस्टिमसोबत आलेलं. नुसती पाटी बदलते. विंडोज 7 वाल्यांचीही गत वेगळी नाही: त्यांच्यासाठी क्रोम 2023 च्या सुरुवातीला 109 व्या आवृत्तीवर थांबलं. यात आळस कुणी केला?

गेल्या महिन्यात आई डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला बसली. कुठला दवाखाना ते सोडा. नाव, वय, तारीख, सगळं नीट भरलं आणि ‘पुढे’ दाबलं. ढिम्म. पुन्हा दाबलं. मग बोट पुसून दाबलं, कारण तिची ठाम समजूत आहे की हल्ली तिची बोटं कोरडी पडतात म्हणून स्क्रीनला कळत नाहीत. मी आयपॅड मॅकला जोडून कन्सोल उघडला, म्हणजे ब्राउझर आपल्या चुका नोंदवतो ती खिडकी. एकच लाल ओळ होती: सिंटॅक्स एरर, म्हणजे कोडचं व्याकरण कळलं नाही. जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे पानावरची बटणं वगैरे चालवणाऱ्या भाषेत, कुणीतरी ऑप्शनल चेनिंग ही नवी खूण वापरली होती: प्रश्नचिन्ह आणि त्याला चिकटून टिंब. सफारीला ते 13.1 या आवृत्तीपासून कळतं, 2020 पासून. त्याआधीचा सफारी तिथे अडतो, आणि अडला की तेवढी ओळ सोडून पुढे सरकत नाही, अख्खी फाइलच टाकून देतो. बटणाचा कोड त्याच फाइलमध्ये होता. पानाचं रूप ठरवणारं सीएसएस याबाबतीत समजूतदार: न कळलेली ओळ सोडून देतं आणि पुढचं काम करतं. जावास्क्रिप्टकडे ही सोय नाही. साइट तयार करतानाच्या सेटिंगमध्ये टार्गेट, म्हणजे किती जुन्या ब्राउझरपर्यंत चालवायचं ते, जरा मागचं दिलं असतं, तर बॅबेल या कोड बदलून देणाऱ्या साधनाने ती दोन चिन्हं आपणहून जुन्या वळणाने लिहून दिली असती. म्हणजे आळस झाला खरा, पण आईच्या बाजूने नाही.

अडवलं की माणूस सुधारतो, याला पुरावा म्हणून मेसेजमध्ये यूट्यूब आणि इंटरनेट एक्सप्लोरर 6 चा किस्सा दिलाय. किस्सा खरा आहे, तेवढं मान्य. 2009 मध्ये यूट्यूबच्या काही इंजिनिअरांनी त्या ब्राउझरवाल्यांना एक पट्टी दाखवली, ‘लवकरच तुमचा ब्राउझर चालणार नाही’ अशा अर्थाची, आणि त्यांच्यापैकी एकाने पुढे सांगितल्याप्रमाणे यूट्यूबवरचे आयई 6 वाले महिन्याभरात निम्म्यावर आले. पण पट्टी म्हणजे कुलूप नव्हे, व्हिडिओ चालूच होते. आणि त्याच कॉम्प्युटरवर त्याच दिवशी दुसरा ब्राउझर टाकता येत होता. आईला कुठला टाकता येतो?

यूजर एजंट, म्हणजे ब्राउझर साइटला आपली ओळख सांगतो ती ओळ, वाचून अडवायचं म्हणाल, तर ती ओळ म्हणजे जुनं सोंग आहे. आजही क्रोम, सफारी सगळे तिच्यात आपली ओळख ‘मोझिला’ म्हणून सुरू करतात. 2009 मध्ये ऑपेरा या ब्राउझरची आवृत्ती 10 आली तेव्हा काही साइट आवृत्तीचा पहिलाच आकडा वाचायच्या आणि त्याला आवृत्ती 1 समजायच्या. शेवटी ऑपेराने सुरुवातीला 9.80 सांगायचं ठरवलं. 2022 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स आवृत्ती 100 ला पोचले तेव्हा पुन्हा तीच धाकधूक. ब्राउझरचं नाव कशाला विचारायचं? हवी ती सोय त्याच्यात आहे का, एवढं तपासा.

आता तो शंभरातला एक. हा आकडा आला कुठून? अॅनालिटिक्समधून, म्हणजे साइटवर कोण आलं ते मोजणाऱ्या साधनातून. अॅनालिटिक्स चालतं कशावर? जावास्क्रिप्टवर. ज्याच्याकडे स्क्रिप्टच पोचत नाही किंवा चालत नाही, तो मोजला जाणार कसा? ब्रिटन सरकारच्या गव्हडॉटयूके साइटने 2013 मध्ये हे नीट मोजलं. त्यांनी पानात चित्रं पेरली आणि कुठलं किती वेळा मागवलं गेलं ते मोजलं: एक जवळपास प्रत्येक ब्राउझर मागेल असं, एक फक्त स्क्रिप्ट चालली तर मागवलं जाणारं, एक स्क्रिप्ट बंद असलेल्यांसाठी. पाच लाखांहून जास्त भेटींत 1.1 टक्के लोकांना जावास्क्रिप्ट मिळालीच नाही. या 1.1 पैकी फक्त 0.2 असे, की ज्यांनी ती बंद ठेवली होती किंवा ज्यांच्या ब्राउझरला ती येतच नव्हती. उरलेल्या 0.9 टक्क्यांचे ब्राउझर धडधाकट होते. कुठे नेटवर्क तुटलं, कुठे फाइल मध्येच अडवली गेली. थोडक्यात, स्क्रिप्टशिवाय चालणारा साधा फॉर्म ठेवला तर तो जुन्या आयपॅडपेक्षा नव्या कोऱ्या फोनवाल्यांच्याच जास्त कामी येतो. माझ्या पोरा, हा परिच्छेद दोनदा वाच.

कोड जड होतो, यात तथ्य आहे. सरसकट सगळ्यांच्या गळ्यात पॉलिफिल, म्हणजे जुन्या ब्राउझरची उणीव भरून काढणारा जादा कोड, मारणं चूक, आणि 15 जून 2022 ला खुद्द मायक्रोसॉफ्टने निवृत्त केलेल्या आयई 11 मध्ये साइट हुबेहूब दिसावी म्हणून मीही रात्री जागवणार नाही. पण नव्या ब्राउझरांना ‘मॉड्यूल’ अशी खूण केलेली फाइल आणि जुन्यांना ‘नोमॉड्यूल’वाली वेगळी फाइल, ही सोय कधीची आहे. आणि हुबेहूब दिसायला कुणी सांगितलंय? कोपरे गोल नसले तरी चालतील, बटण दाबलं गेलं पाहिजे.

सुरक्षेचं म्हणाल तर जुना ब्राउझर धोक्याचा असतो, कबूल. त्याला सूचना द्या. जुनं टीएलएस, म्हणजे कनेक्शन सुरक्षित ठेवायची जुनी पद्धत, सर्व्हरवर बंद करा. पण ‘पुढे’ बटण मेल्याने आई सुरक्षित झाली नाही. तिने वेळ फोन करून घेतली, पाऊण तास होल्डवर राहून.

हे सगळं भाच्याला पाठवलं. बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्याच. मग उत्तर आलं: "आजी तो आयपॅड टेस्टिंगला देईल का?" विचारलं. नाही म्हणाली. त्यावर ती पत्ते खेळते.