ती भूमी रिकामी नव्हती

‘बहुपत्नीत्वामुळे मॉर्मन लोकांना हाकलून लावलं. मग ते हातगाड्या ओढत अमेरिकेतल्या निर्मनुष्य वाळवंटात गेले आणि तिथे त्यांना हवं ते धर्मस्वातंत्र्य मिळालं.’ अशा आशयाचा मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. मॉर्मन म्हणजे जोसेफ स्मिथ यांनी अमेरिकेत स्थापन केलेल्या ख्रिस्ती पंथाचे लोक; ते वाळवंट म्हणजे आजचं युटा राज्य. या लोकांचा छळ झाला, आणि तो भयंकर होता. पण या तीन वाक्यांत त्यांचीही गोष्ट नीट येत नाही आणि इतर काही माणसं तर पुसलीच जातात.

आधी हाकलण्याचं कारण. मिसुरीतल्या जॅक्सन काउंटीतून त्यांना 1833 मध्येच घालवलं गेलं. बहुपत्नीत्व त्यांनी जाहीर केलं 1852 मध्ये, युटात येऊन पाच वर्षं झाल्यावर. मिसुरीकरांना खुपत होतं ते वेगळंच. हे लोक एकगठ्ठा मतदान करतात, जमिनी घेत सुटतात, आणि गुलामगिरीच्या या राज्यात स्वतंत्र कृष्णवर्णीयांना बोलावतील, ही धास्ती होती. 27 ऑक्टोबर 1838 रोजी गव्हर्नर बॉग्ज यांनी फर्मान काढलं: मॉर्मनांना राज्याबाहेर काढा, नाहीतर त्यांचा समूळ नाश करा. तीनच दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीत 17 जण मारले गेले. त्यांत दहा वर्षांचा एक मुलगाही होता. ते फर्मान रद्द व्हायला 1976 साल उजाडलं.

मिसुरीतून निघून ते शेजारच्या इलिनॉय राज्यात नॉवू इथे वसले. तिथे मात्र बहुपत्नीत्व हे एक कारण होतं, हे मान्य करायलाच हवं. जोसेफ स्मिथ ते गुपचूप आचरत होते. ते उघड करणाऱ्या वृत्तपत्राचा छापखाना जून 1844 मध्ये स्मिथ यांच्याच नगरपरिषदेने मोडला. त्याच महिन्यात कार्थेजच्या तुरुंगात घुसून जमावाने स्मिथ आणि त्यांचे भाऊ हायरम यांना ठार केलं.

हातगाड्यांचं म्हणाल तर 1847 ची पहिली तुकडी बैल, घोडे आणि खेचरं जुंपलेल्या गाड्यांनी गेली. हातगाड्या आल्या 1856 ते 1860 या काळात. रेल्वे येईपर्यंत गेलेल्या सुमारे 70,000 लोकांपैकी जेमतेम 3,000 जणांनी त्या ओढल्या. बहुतेक युरोपातून आलेले गरीब.

आणि स्वातंत्र्य? ते मिळालं म्हणावं तर 1879 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की श्रद्धेवर सरकारची सत्ता नाही, आचरणावर आहे; म्हणजे धर्माच्या नावाखालीही बहुपत्नीत्व हा गुन्हाच. 1887 च्या केंद्रीय कायद्याने तर मॉर्मन चर्चची कायदेशीर संस्थाच मोडीत काढली. 1890 मध्ये चर्चने बहुपत्नीत्व सोडल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठे 1896 मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला. शिवाय हे स्वातंत्र्य कुणाचं, हेही विचारायला हवं. त्या पहिल्या तुकडीत ग्रीन फ्लेक, हार्क ले आणि ऑस्कर क्रॉस्बी हे तीन कृष्णवर्णीय गुलाम होते. 1852 मध्ये युटाच्या विधिमंडळाने गुलामगिरीला कायद्याचा आधार दिला.

‘निर्मनुष्य’ हा शब्द मला सगळ्यांत जास्त बोचतो. युटाच्या या खोऱ्यांत शोशोनी, गोशूट आणि यूट हे मूलनिवासी लोक राहत होते. युटा हे नावच यूट लोकांवरून आलं. युटा सरोवराची मासळी हा तिथल्या यूटांच्या जगण्याचा आधार होता. 1849 मध्ये मॉर्मनांनी नेमका तिथेच, प्रोव्हो नदीकाठी, किल्ला बांधला. त्यांच्या जाळ्यांत मासे जाऊ लागले, आणि ज्या गवताचं बी यूट लोक खात, ते गुरांनी फस्त केलं. उपासमारीने लोक गुरं पळवू लागले, त्यातून रक्त सांडलं. फेब्रुवारी 1850 मध्ये स्मिथ यांच्यानंतरचे मॉर्मन नेते ब्रिगम यंग यांच्या संमतीने सशस्त्र पथक गेलं. यूट पुरुष मारले गेले, बायका-मुलांना पकडून वसाहतवाल्यांच्या घरी ठेवलं. पुढे 1861 मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी मूलनिवासींसाठी युइंटाचं राखीव क्षेत्र घोषित केलं, आणि सरोवराकाठच्या यूटांना डोंगरापलीकडे तिथे जावं लागलं.