वाट कुणाच्या मालकीची? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. कुणीतरी इतकं मन लावून आपलं लिखाण खोडून काढावं, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं. म्हणून दोन ओळींत बोळवण न करता सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की जागतिकीकरणामुळे माध्यमं, धर्म आणि महानगरं एकमेकांत गुंतत चालली आहेत, आणि या गुंत्यातून बरंच काही नवं घडतं आहे. त्यावर तुमचं म्हणणं असं: हे सगळं गोड गोड बोलणं झालं. जागतिकीकरण हा वरवंटा आहे. तो फिरला की सगळी शहरं, सगळे पडदे, सगळी माणसं एकसारखी. त्याच्यापुढे ताठ उभा आहे तो एकटा धर्म, आणि त्यालाच मी माध्यमांच्या आणि शहरांच्या पंक्तीला नेऊन बसवलं. शेवटी तुम्ही विचारलंत, सामान्य माणसाच्या हातात काहीच नसताना असल्या लेखांचा उपयोग काय?

तुमचा राग मला कळतो. तो वाया जाऊ नये असंही वाटतं. पण वरवंट्याचं चित्र मला पटत नाही, कारण ते आपल्याला भलतीकडे बघायला लावतं. पडद्यावर काय दिसतं, इमारती कशा दिसतात, प्रार्थना कुठल्या भाषेत चालते, एवढंच आपण बघत बसतो. मी म्हणतो, हे सगळं ज्या वाटांनी जगभर जातं त्या वाटा बघा. त्या कुणी टाकल्या, त्यांच्यावर ताबा कुणाचा, नाकी कुठे आहेत ते बघा. माल रंगीबेरंगी होत चाललाय आणि वाटा मात्र मोजक्या लोकांच्या मुठीत जातायत.

माध्यमांपासून सुरुवात करतो. १८७० साली हावास, वोल्फ आणि रॉयटर्स या युरोपातल्या तीन वृत्तसंस्थांनी आपसांत करार करून जग वाटून घेतलं. ब्रिटिश साम्राज्य आणि अतिपूर्व रॉयटर्सकडे, फ्रान्सच्या वसाहती आणि दक्षिण युरोप हावासकडे, उत्तर आणि मध्य युरोप वोल्फकडे. ज्याच्या वाट्याला जो मुलूख, तिथल्या बातम्या त्यानंच गोळा करायच्या आणि तिथे बातम्या विकायच्या त्याही त्यानंच. शेजारच्या देशात काय घडलं हे कळायलाही लंडन किंवा पॅरिसचा वळसा पडायचा. त्याच १८७० साली इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, पोर्थकर्नो नावाच्या लहानशा खाडीत, हिंदुस्थानपर्यंत पोचणाऱ्या समुद्राखालच्या तारेचं टोक किनाऱ्यावर आलं. पुढे १९९० च्या दशकात ब्रिटनपासून जपानपर्यंत प्रकाशतंतूंची केबल टाकली गेली, आणि तिचंही ब्रिटनमधलं टोक याच पोर्थकर्नोला आलं. मधल्या सव्वाशे वर्षांत तारायंत्र मोडीत निघालं, साम्राज्य गेलं, पण वाट बदलली नाही.

म्हणजे तुमच्या तक्रारीला मोठी परंपरा आहे. १९८० साली युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाने आपल्या अहवालात हेच मांडलं होतं की जगातला बातम्यांचा ओघ एकतर्फी आहे, श्रीमंत देश बोलतात आणि बाकीचे ऐकतात. त्या वादाने एवढा पेट घेतला की १९८४ च्या अखेरीस अमेरिका आणि पुढच्या वर्षी ब्रिटन युनेस्कोतून बाहेर पडले. बाहेर पडायला इतरही कारणं होती, पण हा वाद त्यांत ठळक होता.

त्यानंतर जे झालं त्यात मात्र वरवंटा बसत नाही. १९९६ साली कतारची राजधानी दोह्यात अल जझीरा ही अरबी वृत्तवाहिनी सुरू झाली. बीबीसीची अरबी दूरचित्रवाणी त्याच वर्षी बंद पडली होती आणि तिथले कितीतरी पत्रकार इकडे आले. लंडनमध्ये घडलेली माणसं, कतार सरकारचा पैसा, आणि अरब जगातल्या घराघरांत अरबी भाषेतली खडाजंगी. तुर्की मालिका लॅटिन अमेरिकेत बघितल्या जातात. २०२१ साली ‘स्क्विड गेम’ ही कोरियन मालिका कोरियन भाषेतच जगभर गाजली. सगळं अमेरिकन होत चाललंय असं म्हणणाऱ्याने या मालिकेचं काय करायचं?

पण इथेच थांबलो तर गोड बोलण्याचा तुमचा आरोप खरा ठरेल. ती मालिका कोरियन होती, लिहिणारे कोरियन, नट कोरियन, दुःखही कोरियन. तिचे हक्क मात्र नेटफ्लिक्सकडे. जगातली जवळजवळ सगळी आंतरखंडीय इंटरनेट वाहतूक आजही समुद्रतळावरच्या केबलींमधून होते. या केबली पूर्वी निरनिराळ्या देशांच्या टेलिफोन कंपन्या एकत्र येऊन टाकत. आता गूगल, मेटा, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट स्वतः टाकतात किंवा त्यांत मोठे भागीदार असतात. २००८ च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि इजिप्तपासून भारतापर्यंत इंटरनेट रखडलं. एवढ्या मोठ्या प्रदेशाच्या नाड्या एका किनाऱ्याजवळ एकवटल्या होत्या. भाषा कितीही वाढल्या तरी त्या बोलल्या जातात ते दुसऱ्याच्या तारेवर. मला भीती याची वाटते.

आता धर्म. धर्म जागतिकीकरणाविरुद्ध ताठ उभा आहे, हे तुमचं विधान मी अजिबात मानत नाही. या वाटांवरून सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत लांब कुणी प्रवास केला असेल तर तो धर्मानेच. ज्याला आपण आधुनिकतेविरुद्धचा उठाव म्हणतो तोही याच तारांवरून झाला. १९७८ च्या ऑक्टोबरात इराणचे हद्दपार धर्मनेते खोमेनी पॅरिसजवळच्या नोफ्ल-ल-शातो या गावी येऊन राहिले. तिथून त्यांची भाषणं टेलिफोनवरून तेहरानला जात, तिथे ती कॅसेटवर उतरवली जात आणि प्रतींवर प्रती निघून मशिदीमशिदींत पोचत. इराणच्या राजाच्या, म्हणजे शहाच्या, सरकारकडे दूरचित्रवाणी होती, वर्तमानपत्रं होती, सैन्य होतं. कॅसेट कुणाकुणाची जप्त करणार?

यात धर्माचं एक वेगळेपण मात्र आहे. त्याला जगभर पसरायला भांडवल लागतंच असं नाही. १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर एका मोडकळीला आलेल्या इमारतीत विल्यम सीमोर या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने प्रार्थनासभा सुरू केल्या. सीमोरचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाच्या जगभरच्या प्रसाराचा उगम बरेच अभ्यासक तिथे धरतात. काही वर्षांतच तिथली माणसं आफ्रिका आणि आशियात पोचली. आज तो ओघ उलटा फिरलाय. १९५२ साली नायजेरियातल्या लागोसमध्ये सुरू झालेल्या रिडीम्ड ख्रिश्चन चर्च ऑफ गॉडच्या शाखा आज युरोप-अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत. त्यांचं जाहीर उद्दिष्टच असं आहे: विकसनशील देशांत पायी पाच मिनिटांवर एक चर्च, विकसित देशांत गाडीने पाच मिनिटांवर. मला या वाक्याचं कौतुक वाटतं, कारण ते लिहिणाऱ्याने दोन जगांतलं अंतर नेमकं मोजलंय. लागोस-इबादान महामार्गालगत या चर्चने जे शिबिरस्थान उभारलं ते वाढत वाढत शहर झालं. तिथे घरं आहेत, शाळा आहेत, बँका आहेत, स्वतःचं वीजकेंद्र आहे. धर्म, शहर आणि प्रसारण यांना वेगवेगळ्या खणांत ठेवायचं म्हटलं तर या जागेला कुठल्या खणात ठेवाल? म्हणून ते पंक्तीचं वाक्य मी आजही तसंच लिहीन.

याची काळी बाजू म्यानमारमध्ये दिसली, आणि माझ्या मते तुमच्या रागाचा खरा पत्ता तोच आहे. २०१४ नंतर परदेशी टेलिकॉम कंपन्या तिथे आल्या, सिमकार्ड एकदम स्वस्त झालं आणि असंख्य लोकांच्या हातात पहिल्यांदाच फोन आला. त्यांच्या लेखी फेसबुक म्हणजेच इंटरनेट. विराथूसारख्या बौद्ध भिक्खूंची रोहिंग्या मुसलमानांविरुद्धची विषारी भाषणं त्यावरून फिरू लागली. हा सगळा मजकूर तपासायला २०१५ च्या सुरुवातीला कंपनीकडे बर्मी भाषा जाणणारी अवघी दोन माणसं होती. त्यातून देशात सर्रास चालणारा झॉजी फॉन्ट युनिकोडशी, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवण्याच्या जागतिक पद्धतीशी, जुळत नव्हता, त्यामुळे यंत्रालाही तो मजकूर धड वाचता येत नव्हता. २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव मुठीत धरून बांगलादेशात गेले. कत्तली लष्कराने केल्या, यात शंका नाही; त्या फेसबुकच्या माथी मारून लष्कराला सोडता येणार नाही. पण २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने फेसबुकच्या भूमिकेवर बोट ठेवलं आणि हिंसेला चिथावणी थांबवण्यासाठी आपण पुरेसं केलं नाही, हे कंपनीलाही मान्य करावं लागलं. भाषा स्थानिक, धर्म स्थानिक, द्वेष स्थानिक. वाट मात्र अशा मालकाची, ज्याला ती भाषाच वाचता येत नव्हती. इथे काहीही एकसारखं झालं नव्हतं, तरीही अनर्थ झाला.

शहरांबद्दल तुम्ही म्हणता की काचेचे तेच ते मनोरे सगळीकडे. दिसायला खरं आहे. पण पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेनवरची एक इमारत बघा. फ्रान्समधून छळामुळे परागंदा झालेल्या ह्युगेनो प्रोटेस्टंटांनी १७४३ साली ती प्रार्थनेसाठी बांधली. नंतर ती मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाकडे गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी तिचं सिनेगॉग केलं. १९७६ पासून ती बांगलादेशी मुसलमानांची मशीद आहे. भिंती त्याच, वर सूर्यतबकडी तीच. जगाच्या कुठल्या कोपऱ्यात उलथापालथ झाली ते त्या इमारतीत कोण प्रार्थना करतंय यावरून सांगता यावं, आणि तिथून चालत गेलं तर थोड्याच वेळात जगाचा पैसा हलवणारी ‘सिटी’, म्हणजे लंडनची बँकांची पेठ, लागते.

थोडं पूर्वेला कॅनरी व्हार्फ. १९५६ मध्ये अमेरिकेत पहिली कंटेनरवाहतूक, म्हणजे ठरावीक मापाच्या मोठ्या पेट्यांतून मालवाहतूक, सुरू झाली, मग जहाजं मोठी होत गेली आणि लंडनच्या जुन्या गोद्यांत मावेनाशी झाली. १९६७ ते १९८१ या काळात एकेक करून त्या बंद पडल्या आणि गोदी कामगारांच्या वस्त्या उघड्या पडल्या. त्याच पाण्याभोवती बँकांचे मनोरे उभे राहिले. २०१५ पासून त्या मालमत्तेची मालकी कतारच्या सरकारी गुंतवणूक निधीकडे आणि ब्रुकफील्ड या कॅनेडियन कंपनीकडे आहे. लंडन, न्यूयॉर्क आणि टोकियो यांचा अभ्यास करून समाजशास्त्रज्ञ सास्किया सासेन यांनी १९९१ साली मांडलं होतं की कारखाने जितके जगभर विखुरतात तितकी त्यांची सूत्रं मोजक्या शहरांत एकवटतात, आणि अशा शहरांना मोठ्या पगाराच्या माणसांइतकीच तुटपुंज्या मजुरीवर राबणारी माणसंही लागतात. काचा कुणीतरी पुसाव्या लागतात. ती माणसं बहुधा दूरदेशाहून आलेली असतात, त्यांचा देव त्यांच्याबरोबर येतो, आणि रविवारी गोदामात चर्च भरतं. लंडनच्या सदर्क या एकाच भागात २०१३ च्या एका पाहणीत अशी कृष्णवर्णीयांची २४० चर्चं आढळली, कितीतरी औद्योगिक गाळ्यांमध्ये.

आता तुमचा शेवटचा आणि माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. सामान्य माणसाच्या हातात काय आहे? २००१ साली पूर्व लंडनमधली चर्चं, मशिदी, शाळा आणि कामगार संघटना यांनी टेल्को या संघटनेच्या झेंड्याखाली जगण्यापुरत्या मजुरीची मागणी लावून धरली. २००३ साली एचएसबीसीच्या भागधारकांच्या सभेत, त्याच बँकेचं मुख्यालय रात्री झाडूनपुसून काढणारा एक कामगार उठून उभा राहिला आणि अध्यक्षांना आपली मजुरी आणि आपला संसार त्याने सांगितला. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. पुढच्या वर्षी बँकेने सफाई कामगारांची मजुरी वाढवण्याचं कबूल केलं. २००५ पासून लंडनच्या महापौरांच्या कचेरीतून जगण्यापुरती मजुरी किती असावी याचा आकडा जाहीर होऊ लागला, आणि आज ब्रिटनमध्ये हजारो आस्थापना अशा दराने स्वेच्छेने मजुरी देतात. धर्म, शहर आणि माध्यमं एकमेकांत गुंतलेली होती म्हणूनच त्या रात्रपाळीच्या माणसाचा आवाज अध्यक्षांपर्यंत पोचला. हे गोड बोलणं नाही. त्यामागे मशिदींत आणि चर्चमध्ये घेतलेल्या कितीतरी कंटाळवाण्या बैठका आहेत.

वाटांच्या मालकांकडूनही असंच काही वसूल करता येतं. युरोपीय संघाने २०२२ साली केलेल्या डिजिटल सेवा कायद्यानुसार अतिविशाल ऑनलाइन मंचांना संघाच्या चोवीस अधिकृत भाषांपैकी प्रत्येक भाषेतला मजकूर तपासायला आपण किती माणसं नेमली आहेत, हे जाहीर करावं लागतं. म्यानमारच्या वेळी हाच आकडा कुणी सक्तीने मागितला असता तर ‘दोन’ हे उत्तर वेळेत सगळ्यांसमोर आलं असतं. बर्मी त्या चोवीस भाषांत नाही, मराठीही नाही. मराठी बोलणारे आठ कोटींहून अधिक आहेत, आणि आपल्या भाषेतला मजकूर तपासायला कुठल्या कंपनीने किती माणसं बसवली आहेत हा आकडा कायद्याने मागायची मागणी आपण आजच करू शकतो. लोकप्रतिनिधींना पाठवायचा तसा मसुदा तुम्ही लिहायला घेतलात तर मी तुमच्याबरोबर बसायला तयार आहे.