शेजारणीकडचा आकडा

खेळाडूच्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कोडच्या फाइलमध्ये, हेल्थ नावाचं एक व्हेरिएबल (आकडा ठेवायचा डबा), किंमत १००. स्क्रीनवरची पट्टी हलवणाऱ्या स्क्रिप्टला तेवढा आकडा हवाय. युनिटीत, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, हे एका ओळीचं काम, म्हणून मी ते नेहमी झोपायच्या आधी हातात घेतो.

पहिला नकार कंपायलरचा, म्हणजे कोड तपासून चालण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रामचा. सी शार्प या युनिटीच्या कोडभाषेत व्हेरिएबलच्या आधी काही लिहिलं नाही की ते प्रायव्हेट, म्हणजे बाहेरच्या स्क्रिप्टला बंद. वैतागून पब्लिक, म्हणजे सगळ्यांना खुलं, करावं, तर कुणीही येऊन त्यातून वजाबाकी करतो. ३०-३०चे फटके बसत गेले की चौथ्याला हेल्थ उणे २०. मरायची अट ‘शून्य झालं का’ एवढीच असेल, तर हा पठ्ठ्या मरणाला वळसा घालून धावत सुटतो. म्हणून व्हेरिएबल प्रायव्हेटच ठेवून त्यावर सिरियलाइझफील्ड लिहायचं, म्हणजे ते इन्स्पेक्टर नावाच्या सेटिंगच्या खिडकीत दिसतं, आणि बाहेरच्यांना नुसती वाचता येईल अशी प्रॉपर्टी द्यायची. बघा हवं तेवढं, हात लावू नका.

परवानगी मिळाली तरी भेट बाकी असते. स्क्रिप्ट हा नुसता साचा. आकडा राहतो सीनमधल्या (खेळाच्या दृश्यातल्या) ऑब्जेक्टला लावलेल्या कॉम्पोनंटमध्ये, म्हणजे त्या साच्यातून निघालेल्या भागात. तेव्हा पट्टीच्या स्क्रिप्टमध्ये प्लेयर प्रकारचं फील्ड करायचं आणि इन्स्पेक्टरमधल्या त्याच्या खणात हायरार्कीतून, म्हणजे सीनमधल्या वस्तूंच्या यादीतून, खेळाडू ओढून टाकायचा. विसरलात तर कन्सोल, म्हणजे एररची खिडकी, लाल. वाचन दर फ्रेमला चालणाऱ्या अपडेटमध्ये असेल तर दर फ्रेमला एक एरर, म्हणजे खेळ ६० फ्रेमच्या वेगात असला तर सेकंदाला ६० शिव्या.

त्या शिव्या परवडल्या. खरा छळ होतो तो खेळाडू हायरार्कीऐवजी प्रोजेक्ट खिडकीतून ओढला की. तिथे असतो प्रीफॅब, म्हणजे सीनमधला खेळाडू ज्यावरून बनतो तो फाइलमधला नमुना. नाव तेच, खण भरलेला, कन्सोल स्वच्छ. शत्रू खेळाडूला बडव बडव बडवतात, तो आडवा होतो, आणि पट्टी मख्खपणे १००. कारण ती नजर ठेवून आहे प्रीफॅबच्या तब्येतीवर, आणि त्याला बिचाऱ्याला कुणी बोटही लावत नाही. अशा वेळी खणावर एकदा क्लिक करावं. युनिटी मूळ वस्तू पिवळी करून दाखवते. पिवळा रंग प्रोजेक्टमध्ये चमकला की चोर सापडला.

तरी पट्टी ढिम्मच? मग सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या स्टार्टमध्ये हेल्थ आपल्या इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकाच्या व्हेरिएबलमध्ये, उतरवून घेतलेली असणार. ती झेरॉक्स! मूळ कागद बदलला म्हणून झेरॉक्स बदलत नाही. जपून ठेवायचा तो खेळाडूचा रेफरन्स, म्हणजे पत्ता, आकडा दर वेळी त्याच्याकडूनच विचारायचा. आणि स्टार्टच्याही आधी चालणाऱ्या अवेकमध्ये दुसऱ्याकडे काही मागू नये. कोण आधी जागं झालंय याचा भरवसा नसतो.

पट्टी एकदाची हलते. पण खेळ फार अवघड वाटतो, म्हणून मी कोडमध्ये १००चे १५० करतो. पट्टी १००च दाखवते, कारण इन्स्पेक्टरमध्ये जपलेली जुनी किंमत कोडला जुमानत नाही. त्यावर उपाय सोपा: कॉम्पोनंटच्या तीन ठिपक्यांत जाऊन रीसेट. हेल्थ लगेच १५०. आणि त्याच कॉम्पोनंटमध्ये ओढून ओढून भरलेले बाकीचे सात खण रिकामे. कन्सोल लाल.