'एका क्लिकवर स्पर्धा' हा दावा खोटा आहे

'टेक कंपन्यांना मक्तेदारीविरोधी कायदे लागतातच कशाला?' असा एक लेख सध्या सगळीकडे फिरतोय. माझ्या धाकट्या भावाने तो 'शंभर टक्के पटलं' असं लिहून मला पाठवला. तो स्वतः ॲप बनवून पोट भरतो. या कायद्यांचं संरक्षण ज्याला सर्वांत आधी हवं, त्यालाच हे पटावं याचा मला राग आला.

सर्वांत फसवा मुद्दा असा: 'गूगल नको असेल तर दुसरं सर्च इंजिन एका क्लिकवर आहे.' मग फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून बसवलेलं असावं म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर का मोजले? २०२२ मध्ये एकट्या ॲपलला २० अब्ज डॉलर का दिले? कारण बहुतेक लोक आयतं मिळालेलं सेटिंग बदलत नाहीत, आणि हे गूगलला पक्कं ठाऊक आहे. हे आकडे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले. न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट निकाल दिला: गूगल मक्तेदार आहे आणि मक्तेदारी टिकवण्यासाठी तिने कायदा मोडला. शिवाय जितके जास्त लोक शोधतात तितकं सर्च सुधारतं. नव्या स्पर्धकापर्यंत लोक पोहोचूच दिले नाहीत, तर त्याने सुधारायचं कसं?

'सेवा फुकट आहे, मग नुकसान कोणाचं?' जाहिरातदारांचं. स्पर्धेची भीती न बाळगता गूगल जाहिरातींचे दर वाढवू शकत होतं, हेही त्याच निकालात आहे. तो खर्च शेवटी मालाच्या किमतीत येतो.

'याहू, नोकियासारखे दिग्गज आपोआप पडतात.' यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करावं लागेल. इन्स्टाग्राम विकत घेण्यावरून मेटाविरुद्ध (फेसबुकची मालक कंपनी) भरलेला खटला नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकार हरलं. टिकटॉकसारखे स्पर्धक असताना मेटाची आज मक्तेदारी आहे हे सिद्ध होत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. पण इन्स्टाग्रामची खरेदी २०१२ ची आणि खटला २०२० चा. 'स्पर्धा करण्यापेक्षा विकत घेणं बरं' अशा अर्थाचं झुकरबर्ग यांनी २००८ मध्येच ईमेलमध्ये लिहिलं होतं. म्हणजे कायदा वेळेवर वापरला गेला नाही. तो नकोच, हे यातून कसं निघतं?

राहिलं 'कायद्याने नवनिर्मिती मरते'. १९५६ मध्ये अशाच खटल्यातल्या तडजोडीमुळे एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीला आपली तोवरची पेटंट बहुतेक सगळ्यांना विनामूल्य खुली करावी लागली. त्यात ट्रान्झिस्टरची, म्हणजे आजच्या प्रत्येक चिपमधल्या मूळ भागाचीही होती. म्हणजे कायद्याने नवनिर्मितीची वाट मोकळीच केली.